बिनटाक्याचा सत्कार

"शर्ट वर कर," अण्णा माइकमधून म्हणाले.

सभागृहात दोनेकशे माणसं होती. पहिल्या रांगेत पंचायत समितीचे सभापती भाऊसाहेब, त्यांच्यामागे व्यापारी, मग शिक्षक, मग महिला मंडळ, आणि सगळ्यांत मागे जेवणाच्या वेळेचा अंदाज चुकून लवकर आलेले लोक.

"अरे कर की. गावासमोर लाज कसली?"

मी शर्ट वर केला. अण्णांनी शाळेतून नकाशा दाखवायची छडी मागवून घेतली होती. तिच्या टोकानं ते माझं पोट दाखवू लागले. "हे बेंबीपाशी एक. इथून दुर्बीण आत गेली. हे दुसरं. हे तिसरं. आणि हे चौथं, मागच्यांना दिसणार नाही इतकं बारीक. एवढ्याशा भोकांतून, मंडळी, पित्ताची अख्खी पिशवी बाहेर! आणि टाका? एकही नाही!"

टाळ्या पडल्या. टाके होते, प्रत्येक भोकाला एक. पण मला चारचौघांत वडलांचा हिशेब दुरुस्त करायची सवय नव्हती.

आमच्या पिंपळदऱ्यात दुर्बिणीनं झालेलं ते पहिलं ऑपरेशन. करणारे डॉ. शिरीष गांगुर्डे, आणि करून घेणारा मी, पराग खैरनार, वय तेवीस, व्यवसाय शोधात. सोमवारी ऑपरेशन झालं, बुधवारी घरी सोडलं आणि रविवारी सकाळी अकरा वाजता दोघांचाही जाहीर सत्कार होता. डॉक्टरांचा केल्याबद्दल, माझा टिकल्याबद्दल.

सत्कार हा अण्णांचा प्राण होता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, पत्ते खेळतात, सुनेशी भांडतात. अण्णांनी 'पिंपळदरा नागरी गौरव समिती' काढली. गावात गौरव करण्याजोगं फारसं काही घडत नव्हतं, पण त्यांनी समितीला कधी रिकामं बसू दिलं नाही. आठवडाभर गाडी वेळेवर आणली म्हणून एसटीच्या ड्रायव्हरचा सत्कार झाला होता. त्यानंतर ती गाडी कधीच वेळेवर आली नाही. तिसऱ्या खेपेला दहावी पास झालेल्या मुलाचा झाला, त्याच्या वडलांचाही झाला. सभापतींच्या म्हशीचाही झाला होता. त्या कार्यक्रमात म्हशीनं शाल खाल्ली, आणि अण्णांनी माइकवरून "गौरवमूर्तींनी सत्काराचा स्वीकार केलेला आहे" असं जाहीर केलं. चेहऱ्यावरची एक रेष न हलवता. त्यांना त्यात विनोद दिसत नसे. विनोद दिसायचा तो मला, आणि मी घरात एकटाच पडायचो.

तर मी शर्ट खाली केला आणि खुर्चीत बसलो. बसताना दोन्ही हातांनी खुर्ची धरावी लागली. गुरुवारपासून माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं होतं. अंगाला आतून खाज सुटत होती. खाजवलं तरी ती हाताला लागत नसे. जेवण बघितलं की मळमळायचं. आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत होती.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. आमच्या घरात लघवी हा शब्द उच्चारत नसत. "जाऊन येतो" एवढंच म्हणायचं, कुठं ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. शिवाय दोन दिवस घर पाहुण्यांनी भरलं होतं. तेज आलंय, असं सगळेच म्हणत होते. शांताआत्यानं तर सकाळी माझी हनुवटी धरून दृष्ट काढली. "बघा तरी, ऑपरेशननं कसा उजळलाय! हळद लागल्यासारखा दिसतोय पोरगा."

आई फक्त म्हणाली, "जेवत का नाहीस रे?"

"भूक नाही."

"कालपण नव्हती."

"कालचीच आहे ती," मी म्हणालो. ती हसली नाही.

स्टेजवर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, दोघांनाही फेटे. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण दोन गल्ल्या सोडून राहणारा. लहानपणी त्याची आई शाळेवर असायची, तेव्हा दुपारचा तो आमच्याकडेच जेवायचा. त्यामुळे गावात तो डॉक्टरसाहेब झाला, तरी आई त्याला शिरीषच म्हणायची आणि तोही तिला काकूच म्हणायचा. हात चांगला होता त्याचा. अपेंडिक्स म्हणा, हर्निया म्हणा, पोट उघडून केलेली ऑपरेशनं त्यानं शेकड्यांनी केली असतील. एक माणूस वाया गेला नव्हता. मग दुर्बिणीचं मशीन आलं.

खाली फोटोवाले रफिकभाई अस्वस्थ होते. त्यांनी एक फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागे बघितलं, मान हलवली. हॅलोजन सरकवला. दुसरा काढला. परत मान हलवली.

"काय झालं?" अण्णांनी माइक हातानं झाकून विचारलं.

"लाइट पिवळा मारतोय, अण्णा."

"मग बदला."

रफिकभाईंनी हॅलोजन बंदच केला, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि उजेडात तिसरा फोटो काढला. मग स्टेजजवळ येऊन ते हळूच डॉक्टरला म्हणाले, "साहेब, समजत नाही बघा. तुम्ही बरोबर येताय, नारळ बरोबर येतोय, भाऊसाहेब बरोबर येतायत. ह्याचाच चेहरा पिवळा येतोय."

शिरीष हसत होता. हसता हसताच त्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

"वर बघ," तो म्हणाला.

मी छताकडे बघितलं. त्यानं अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. तो अंगठा गार पडलेला मला जाणवला. दुसऱ्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं.

"लघवी कशी होतेय?"

आमच्या पुढ्यात टेबलावर भाऊसाहेबांच्या भाषणासाठी एक दुसरा माइक ठेवला होता, आणि तो चालू होता. "लघवी कशी होतेय?" हा प्रश्न सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून दोनशे लोकांना विचारला गेला. बाहेर रस्त्यावर कर्णा लावला होता, त्यामुळे बाजारपेठेलाही विचारला गेला.

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, "जळजळ होते."

लोक हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. महिला मंडळानं बघितलं. ज्यांच्या मुलीचं स्थळ माझ्यासाठी सुचवलेलं होतं, ते मास्तर तिसऱ्या रांगेत होते, त्यांनीही बघितलं.

"एकदम मस्त," मी म्हणालो.

"रंग?"

"नेहमीचाच."

"संडास? पांढुरकी वगैरे?"

"छे."

"बघा मंडळी!" अण्णा गहिवरले होते. "सत्काराच्या खुर्चीत बसूनसुद्धा काळजी कुणाची? पेशंटची! ह्याला म्हणतात डॉक्टर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिरीषचा चेहरा सैल पडला. माझं उत्तर त्याला हवं होतं तसंच होतं. पण माझ्या मनगटावरचा हात त्यानं काढला नाही. टाळ्या चालू असतानाच त्यानं दुसरा हात टेबलाखालून माझ्या पोटावर ठेवला आणि किंचित दाबला. मी ओरडलो नाही. पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तोही माइकनं घेतला.

त्यानं हात काढून घेतला. नंतर अण्णांनी त्याला शाल पांघरली, भाऊसाहेबांनी नारळ दिला, आणि हे सगळं चालू असताना तो समोर कुठंतरी भिंतीकडे बघत होता. रफिकभाई "इकडे बघा साहेब, इकडे" म्हणून थकले.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत," अण्णा म्हणाले.

शिरीष उठला. नारळ त्याच्या हातातच राहिला होता.

"मित्रहो," तो म्हणाला. मग त्यानं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. "माझ्याकडून चूक झाली आहे, असं मला वाटतं."

टाळ्या.

"नाही, ऐका. मी ह्या सत्काराच्या लायकीचा नाही."

आणखी टाळ्या. पिंपळदऱ्यात आजवर ज्याचा ज्याचा सत्कार झाला, त्यानं हेच वाक्य म्हटलेलं होतं. म्हैस सोडून.

"ऐका हो! परागला त्रास झालाय. बहुतेक माझ्यामुळे झालाय. त्याला आत्ताच्या आत्ता नाशिकला न्यायला पाहिजे!"

"वा!" भाऊसाहेब म्हणाले. "काय नम्रता!"

लोक उभे राहिले. समितीच्या इतिहासात उभं राहून टाळ्या कुणाला मिळाल्या नव्हत्या. शिरीष माइक धरून उभा होता आणि त्याचे ओठ थरथरत होते. गावाला वाटलं, माणूस भारावला.

आई तेवढी धावत आली. ती मागं स्वयंपाकघरात आचाऱ्याला मठ्ठा काढून देत होती. कर्ण्यावर तिनं सगळं ऐकलं होतं. ओल्या हातानंच ती स्टेजवर चढली, माझ्या कपाळाला हात लावला आणि शिरीषला म्हणाली, "गाडी कुठंय तुझी?"

आम्ही तिघं बाजूच्या दारानं बाहेर पडलो. अण्णा दारापर्यंत आले, माइकची वायर जेवढी पोचली तेवढे.

"अहो, चला ना," आई म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे," अण्णा म्हणाले. "आभार राहिलेत. आभार उरकून आलोच मी."

गाडी वळली, तेव्हा कर्ण्यावर त्यांचा आवाज येत होता. गौरवमूर्ती पुढच्या कार्यक्रमासाठी नाशिककडे रवाना होत असल्याचं ते जाहीर करत होते.

वाटेत मी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो. प्रत्येक खड्ड्याला पोटात कुणीतरी गरम पाण्याची बादली हिंदकळवल्यासारखं होई. सिन्नरच्या अलीकडे मला उलटी झाली, हिरवीगार. आईला पटकन दुसरं काही सापडलं नाही, म्हणून तिनं पुढच्या सीटवरची शाल ओढून माझ्या तोंडापुढे धरली. गौरव समितीची शाल कुणाच्या कामी आल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"शिरीष," आई म्हणाली, "काय चुकलं?"

"पोचल्यावर सांगतो, काकू."

"माझा पोरगा जगेल ना?"

"पोचू द्या आधी."

आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. वर फेटा तसाच होता, तुरा छताला लागून वाकला होता. तो काढायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

म्हणून झालं काय, की नाशिकच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचर आणणाऱ्या माणसानं आम्हाला बघितलं. दोन फेटेवाले, एक बाई पैठणीतली आणि त्यातला एक फेटेवाला पिवळा. त्यानं सहज विचारलं, "नवरदेव कोणता?"

"मी," मी म्हणालो. वाद घालायचं त्राण नव्हतं.

रविवारची दुपार होती. आत सगळं निवांत होतं. मला एका खाटेवर घेतलं, हिरवा पडदा ओढला, सलाईन लावलं. थोड्या वेळानं डॉ. केतकर म्हणून एक मॅडम आल्या. पोटाच्या सर्जन, पन्नाशीच्या, केस आखूड, घाई अजिबात नाही. त्यांनी माझे डोळे बघितले, पोट बघितलं, भोकं बघितली.

"पित्ताशय काढलंय? कधी?"

"सोमवारी," आई म्हणाली.

"आणि तुम्ही?" त्यांनी शिरीषला विचारलं.

तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मला अजून आठवतं, त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग मॅडमच्या खिशावरच्या नावाकडे. नाव वाचताना त्याचा चेहरा बदलला. पुढे मला कळलं की त्या धंद्यात ते नाव सगळ्यांना माहीत असतं.

"नातेवाईक," तो म्हणाला.

"लग्नातून आलात वाटतं?"

"हो."

दोन तासांपूर्वी अख्ख्या गावासमोर चूक झाली म्हणून ओरडणारा माणूस तो. तिथं कुणाला काही समजत नव्हतं. इथं समोर एकच बाई होती, आणि तिला सगळं समजलं असतं.

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"लघवी कशी होते?" मॅडमनी मला विचारलं.

पडद्याच्या ह्या बाजूला एक नर्स होती, आई होती, तो स्ट्रेचरवाला पण रेंगाळत होता. मी छताकडे बघितलं.

"कोऱ्या चहासारखी. आणि संडास चुन्यासारखी. आणि अंगाला खाज."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

शिरीषनं डोळे मिटून घेतले.

"चार दिवस? आणि सांगितलं नाहीस कुणाला?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "पण माइक चालू होता."

मॅडमनी ते तापातलं बरळणं समजून सोडून दिलं. "हे बघा," त्या आईला म्हणाल्या, "दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे, पिशवीतला एखादा खडा सरकून मोठ्या नळीत अडकला असेल. तसं असेल तर आज सलाईन आणि औषधं देऊ, उद्या सकाळी तोंडातून दुर्बीण घालून काढू. काही धोका नाही. दुसरं म्हणजे, ऑपरेशनमध्ये नळीलाच इजा झाली असेल. मग मात्र उद्यापर्यंत थांबलं तर जिवावर बेतेल. आजच पोट उघडायला लागेल. उघडायचं की थांबायचं हे ठरवायला मला ऑपरेशन करणाऱ्याशी बोलायलाच हवं. नंबर आहे त्यांचा?"

मी शिरीषकडे बघत होतो. तो पडद्याची एक कडी नीट बसवत होता. कडी नीटच होती.

"आज रविवार आहे," तो पडद्याला म्हणाला. "बहुतेक लागणार नाही फोन."

आईनं तेव्हा पिशवीत हात घातला. तिचा तो बटणांचा छोटा मोबाइल होता. तिनं तो डोळ्यांजवळ धरला, अंगठ्यानं खाली खाली जात एक नाव काढलं आणि मॅडमच्या हातात दिला.

"माझ्याकडे आहे की नंबर," ती म्हणाली. "हा दाबा."

मॅडमनी दाबला आणि कानाला लावला.

शिरीषच्या जाकिटात बासरी वाजायला लागली.

ती मंद, गोड, सकाळी सकाळी देवळात लावतात तशी बासरी होती. नर्सनं इकडे तिकडे बघितलं. मॅडमनी बघितलं नाही, त्यांना वाटलं असेल दुसऱ्या कुणाचा फोन आहे. बासरीचं एक आवर्तन संपलं, दुसरं सुरू झालं. मला वाटलं, आता तो पडद्याबाहेर जाईल. गेला असता तर कुणी अडवणार नव्हतं.

त्यानं फोन बाहेर काढला. हिरवं बटण दाबलं. कानाला लावला.

"हॅलो," तो म्हणाला.

"हॅलो, डॉक्टर..." मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांना तो आवाज दोन्हीकडून आला होता. त्यांनी मान वर केली.

त्या दोघांच्या मध्ये फक्त माझी खाट होती. हात लांब केला असता तर एकमेकांना लागला असता. मॅडमनी फोन खाली ठेवला असता, तर तिथल्या तिथं समोरासमोर बोलणं झालं असतं. पण शिरीष भिंतीकडे वळला होता. त्यानं फेट्याखाली फोन दोन्ही हातांनी धरला होता. मॅडमनी त्याच्या पाठीकडे एकदा नीट बघितलं आणि फोन कानालाच ठेवला.

"डॉक्टर गांगुर्डे?" त्या फोनमध्ये म्हणाल्या.

"बोलतोय."

"तुमचा एक पेशंट आलाय माझ्याकडे. पराग खैरनार."

"हो. माहीत आहे."

"नळी नीट दिसली होती का तुम्हाला?"

"नाही." आवाज अगदी हलका होता. पण मॅडमच्या कानाशी तो फोनमधून परत ऐकू येत होता, मला दोनदा ऐकू आलं. "रक्त आलं. मॉनिटर लाल झाला सगळा. मी अंदाजानं क्लिप टाकली. मग दुसरी टाकली. मला वाटलं पिशवीचीच नळी आहे."

"आणि आता काय वाटतं?"

"मोठी नळी असावी."

"कापली?"

"कापली."

नर्सच्या हातातली सुई तशीच राहिली होती. आईनं माझा पाय धरून ठेवला होता, पांघरुणावरून.

"किती केली होती तुम्ही दुर्बिणीनं, ह्याच्या आधी?"

"हे पहिलं. शनिवार-रविवार कार्यशाळा केली होती मुंबईत. कोंबडीवर."

"पहिलं होतं, दिसत नव्हतं, रक्त येत होतं." मॅडम रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. "मग पोट का नाही उघडलंत? उघडून करता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग?"

शिरीष इतका वेळ बोलला नाही, की मॅडमनी फोन लागलेला आहे ना ते बघितलं.

"पत्रिका छापल्या होत्या," तो म्हणाला.

"कसल्या पत्रिका?"

"सत्काराच्या. दुर्बिणीनं, बिनटाक्याचं ऑपरेशन केल्याबद्दल. रविवारची तारीख, सभापतींची वेळ, हॉल, सगळं ठरलं होतं. ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी पत्रिका वाटूनही झाल्या होत्या. मी हातात सुरी घेतली होती, मॅडम. उघडायलाच घेतलं होतं. मग वाटलं, बाहेर गेल्यावर अण्णांना काय सांगू?"

माझ्या पायावरचा आईचा हात गळून पडला. त्या पत्रिका तिनं घरोघर वाटल्या होत्या, प्रत्येक घरी कुंकू लावून. कुणी विचारलं, की अजून ऑपरेशन व्हायचंय ना हो, तर अण्णांनी सांगायला शिकवलं होतं तसंच ती सांगायची, की आपला शिरीष करतोय, म्हणजे झाल्यातच जमा.

"फोन ठेवते," मॅडम म्हणाल्या.

दोघांनी फोन खाली घेतले. मॅडमनी आईचा मोबाइल आईला परत दिला, नर्सला ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं, कुणाकुणाला बोलावून घ्यायला सांगितलं. सगळं हळू आवाजात. पडद्यापाशी जाऊन त्या थांबल्या.

"नातेवाइकांना आम्ही आत घेत नाही," त्या शिरीषला म्हणाल्या. "डॉक्टर असाल तर चला. कुठं काय कापलंय ते दाखवा मला."

त्यानं फेटा काढला, कुठं ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी तो त्यानं आईच्या हातात दिला आणि मॅडमच्या मागोमाग गेला.

त्या रात्री त्यांनी माझं पोट ह्या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत उघडलं. टाके किती पडले ते मी मोजले नाहीत. आतलं सगळं धुतलं, एक नळी बाहेर काढून ठेवली. त्यातून माझं पित्त एका पिशवीत साठायचं. पुढचे चार महिने ती पिशवी घेऊन मी हिंडलो, आणि मग नळी नीट जोडायचं दुसरं ऑपरेशन झालं. मास्तरांच्या मुलीचं स्थळ पिशवीसकट पुढे जाईना, ते राहिलं. पण मी जगलो. आणखी एक दिवस थांबलो असतो, तर समितीला थेट शोकसभाच घ्यावी लागली असती, असं मॅडम नव्हे, मीच म्हणतो.

शुद्धीवर येऊन दोन दिवस झाले होते. मला वॉर्डात आणलं होतं. अण्णा खाटेजवळ स्टुलावर बसले होते. रविवारी रात्री ते हार आणि उरलेली जिलबी घेऊन आले, तेव्हा मी थिएटरात होतो. ती जिलबी त्यांनी तशीच तीन दिवस धरून ठेवली होती, आई सांगत होती. त्यांची दाढी वाढली होती. इतकं कमी बोलताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

शिरीष दाराशी आला. तो तिथंच राहत होता त्या दिवसांत, कॉरिडॉरच्या बाकावर. आत येऊन त्यानं माझी पिशवी बघितली, किती भरली ते नर्सला सांगितलं. मग जायला वळला.

"थांब," अण्णा म्हणाले.

तो थांबला.

"त्या मॅडम म्हणाल्या, पोट उघडून केलं असतं तर काही झालं नसतं. खरं?"

"हो, अण्णा."

"आणि ते तुला येत होतं."

"हो."

"इतकी वर्षं करतोयस तू. मग नेमका माझ्या पोराच्या वेळेला का नाही केलंस? तेवढं सांग मला. मी तीन दिवस विचार करतोय. मला काही कळत नाही."

आई खिडकीशी संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले. शिरीषनं तिच्याकडे बघितलं, आणि तिनं त्याच्याकडे. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या नाकात नळी होती. नसती, तरी मी बोललो नसतो.

"सुचलं नाही, अण्णा," शिरीष म्हणाला.

"सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

अण्णा उठून उभे राहिले. आयुष्यभर शब्द शोधून शोधून माणसांना मोठं केलं होतं त्यांनी, आणि आता हवा तो शब्द त्यांना सापडत नव्हता. "आम्ही... गावानं विश्वासानं सत्कार केला तुझा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "लाज वाटायला हवी तुला, शिरीष."

"वाटते, अण्णा," तो म्हणाला.

तो गेल्यावर अण्णा बराच वेळ दाराकडे बघत उभे होते. मग ते आईला म्हणाले, "बघितलंस? एक शब्द उलट बोलला नाही."

आईनं संत्र्याची फोड त्यांच्या हातात दिली. मी डोळे मिटून घेतले, आणि अण्णा घरी जायला निघेपर्यंत झोपलोय असंच दाखवलं.